कृष्णेच्या खोऱ्यात सायकलवर : वाई ते जोर मार्गाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईहून कृष्णेच्या प्रवाहाविरुद्ध उगमाच्या दिशेने माउंटन बाइकवर जाऊ इच्छिणाऱ्यांकडून जे प्रश्न नेहमी विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. हा मार्ग वेगाने उरकण्याचा नाही. ज्यांना केवळ किलोमीटर मोजायचे आहेत त्यांच्यासाठी पुणे-सातारा महामार्ग आहे. या खोऱ्यात दर तीन-चार किलोमीटरला सायकलवरून उतरावे लागेल असे काहीतरी आहे, हे गृहीत धरूनच पुढील मजकूर वाचावा.

हा मार्ग नेमका कोठून कोठे जातो?

वाई शहरातून निघून भोगाव, मेणवली आणि धोम या गावांवरून धोम जलाशयाच्या काठाने मार्ग वर सरकतो, पुढे बलकवडी धरण लागते आणि खोऱ्याच्या अगदी टोकाला, महाबळेश्वरच्या पठाराच्या पायथ्याशी, जोर गाव येते. एका बाजूचे अंतर ३० ते ३५ किलोमीटरच्या घरात आहे. कृष्णेचा उगम क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात मानला जातो आणि तेथून नदी डोंगर उतरून याच खोऱ्यात येते, त्यामुळे वाईहून निघालेला सायकलस्वार जोरला पोहोचतो तेव्हा उगम त्याच्या डोक्यावर, कड्याच्या माथ्यावर असतो. जोरहून वर चढणाऱ्या पायवाटा आहेत, पण त्या पायी चालणाऱ्यांच्या आहेत. सायकल खांद्यावर घेऊन त्या चढण्यात पराक्रम असेल, आनंद फारसा नाही.

रस्ता पुष्कळसा डांबरी असताना माउंटन बाइकची गरज काय?

धोमपर्यंत साधी हायब्रीड सायकलही चालेल, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न त्यापुढचा आहे. जलाशयाच्या वरच्या अंगाचे रस्ते दर पावसाळ्यात उखडतात, ओढ्यांवरच्या फरशी पुलांवर वाळू आणि गोटे साचतात, आणि एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाताना मुरमाच्या किंवा बैलगाडीच्या वाटेवर उतरावेच लागते. शिवाय धोम धरणातून निघणाऱ्या डाव्या आणि उजव्या कालव्यांच्या कडेने जे मातीचे रस्ते आहेत, ते या परिसरातील सायकलिंगचे खरे वैभव आहे : एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस किंवा हळद, चढ जवळजवळ नाही आणि वाहनेही क्वचितच. हे रस्ते पाटबंधारे खात्याच्या कामासाठी केलेले आहेत, सलग नाहीत आणि कोठे फाटक बंद असल्यास ते ओलांडू नये. पण जेथे गावकऱ्यांची रोजची ये-जा आहे तेथे सायकलला कोणी हरकत घेत नाही.

कोणत्या महिन्यांत जावे?

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरमध्ये डोंगर अजून हिरवे असतात आणि जलाशय भरलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नदीकाठी चांगलीच थंडी असते आणि धुके उठेपर्यंत समोरचे काही दिसत नाही, म्हणून सातच्या आधी निघण्यात फारसा अर्थ नाही. फेब्रुवारीत हळदीची काढणी सुरू होते आणि शेतांच्या कडेला हळद शिजवण्याच्या कढया लागलेल्या दिसतात; त्या वाफेचा उग्र, मातकट वास रस्त्यावर बराच लांबपर्यंत येतो. मार्चपासून ऊन वाढत जाते, पाणलोटातले गवत वाळते आणि दुपारी अकरानंतर सावली शोधत फिरावे लागते.

आणखी एक सोय लक्षात ठेवावी. वाईहून धोमकडे जाताना आपण पश्चिमेला जात असतो, त्यामुळे सकाळचा सूर्य पाठीशी राहतो, आणि दुपारनंतर परतताना तोही पुन्हा पाठीशीच येतो. छायाचित्रे काढणाऱ्यांना याचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

पावसाळ्यात खोरे सर्वांत सुंदर दिसते म्हणतात, मग तेव्हा का नको?

सुंदर दिसते यात शंका नाही. मात्र महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, वाईत त्याचा लहानसा अंशच पडतो, आणि या दोहोंमधले अंतर म्हणजेच हे खोरे आहे. त्यामुळे वाईत ऊन असताना वरच्या ओढ्यांना लोंढा आलेला असू शकतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत कोंढवळ्याची देवरुखवाडी आणि जोर या भागात दरडी कोसळून मोठी हानी झाली होती. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत धोमच्या पुढे सायकल नेऊ नये, हेच आमचे मत आहे. वाई-मेणवली-धोम एवढा टप्पा रिमझिम पावसात करायला हरकत नाही, पण पाणी वाहत असलेल्या फरशी पुलावर, ते केवळ घोट्याएवढे असले तरीही, सायकल घालू नये.

वाईत किती वेळ द्यावा आणि काय पाहावे?

निदान एक पूर्ण सकाळ. पुष्कळ जण सायकली गाडीतून उतरवतात आणि चहा घेऊन थेट धोमचा रस्ता धरतात, हे योग्य नव्हे. वाईच्या घाटांचा विस्तार आणि देवळांची संख्या पाहिली की एवढ्या लहान गावात एवढा पैसा कोठून आला असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर रास्ते घराण्यात आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या कन्या. या सोयरिकीनंतर घराण्याचा दरबारातील दर्जा वाढला आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी वाईत देवळे आणि घाट बांधण्याचा सपाटा लावला. आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचे आणि गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये महागणपतीचे मंदिर बांधले.

या महागणपतीलाच ‘ढोल्या गणपती’ म्हणतात. एका दगडातील ती भव्य बैठी मूर्ती सारेच पाहतात, पण दर्शनानंतर देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन भिंत पाहणारे थोडे. ती भिंत सरळ नसून माशाच्या आकाराने निमुळती केलेली आहे, कारण देऊळ नदीच्या पात्रालगत आहे आणि पुराचे पाणी मागून येऊन थेट भिंतीवर आदळण्याऐवजी दोन्ही बाजूंना दुभंगून जावे अशी योजना आहे. अडीचशेहून अधिक पावसाळे ती टिकली आहे.

रास्त्यांच्या आधीची वाई निराळी होती. ती आदिलशाही अंमलाखालची महत्त्वाची जागा होती, अफझलखान येथील सुभेदार होता, आणि १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी भेटीला जाण्यापूर्वी त्याचा तळ येथेच पडला होता. पुढे विसाव्या शतकात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे मराठी विश्वकोशाचे काम या गावातून चालले. वाईला दक्षिण काशी म्हणतात ते केवळ घाटांमुळे नव्हे, विद्येच्या परंपरेमुळेही.

घाटावर सायकल नेता येते का?

नेऊ नये. पायऱ्या उतरवण्याचा सराव करण्याची ती जागा नाही. तेथे लोक स्नान करतात, क्रियाकर्म करतात, बायका कपडे धुतात. आणि हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव असतो तेव्हा घाटावर मांडव असतो आणि मुंगीलाही वाट नसते. सायकल रस्त्यावर कुलूप लावून ठेवावी आणि क्लीटचे बूट घातले असतील तर ते काढूनच पायऱ्या उतराव्यात, कारण गुळगुळीत झालेल्या दगडावर बुटाच्या तळाची पेडलमध्ये अडकणारी लोखंडी क्लीट हमखास घसरते.

मेणवलीला काय आहे?

या मार्गावर एकाच ठिकाणी थांबायचे असेल तर ते मेणवली. वाईपासून हे गाव साधारण तीन किलोमीटरवर आहे. वाटेत भोगावला पंडित कवी वामनपंडित यांची समाधी आहे, तेथे पाच मिनिटे थांबून पुढे जावे.

मेणवली हे नाना फडणीसांचे गाव. नानांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्याला झाला आणि मृत्यू १८०० मध्ये पुण्यात. पेशवाईच्या कारभाराची सारी सूत्रे हातात असलेल्या या माणसाने १७६८ च्या सुमारास मेणवली मिळाल्यावर नदीकाठी वाडा, घाट आणि देवळे उभी केली. वाड्यात एकामागून एक चौक आहेत, काही दालनांत भिंतींवर जुनी चित्रे आहेत, आणि मागच्या दाराने बाहेर पडले की पायऱ्या थेट कृष्णेत उतरतात. इतिहासाचे अभ्यासक ज्याला मेणवली दफ्तर म्हणतात तो कागदपत्रांचा प्रचंड संग्रह याच वाड्यात जपला गेला होता. वाडा आजही फडणीसांच्या वंशजांच्या मालकीचा आहे, सरकारी संग्रहालय नाही. म्हणून आत जाण्यापूर्वी विचारावे, जे शुल्क असेल ते द्यावे, आणि चिखलाने माखलेले बूट बाहेरच ठेवावेत.

घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एका लहानशा दगडी घुमटीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. घंटेखाली उभे राहून वर पाहिल्यास तिच्या अंगावर बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती दिसते आणि १७०७ हे साल वाचता येते. ही पोर्तुगिजांच्या चर्चमधली घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून आणल्या आणि त्या निरनिराळ्या देवळांना गेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर आणि भीमाशंकर येथील घंटाही त्याच मोहिमेतल्या मानल्या जातात. महादेवाच्या देवळासमोर, कृष्णेच्या काठी, मेरीची प्रतिमा असलेली घंटा गेली कित्येक पिढ्या टांगलेली आहे आणि ती प्रतिमा कोणी खरवडून काढलेली नाही, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला घंटेच्या वजनापेक्षा अधिक बोलकी वाटते. घंटा वाजवण्याचा मोह आवरावा.

हिंदी चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे हा घाट पुष्कळांना ओळखीचा वाटतो. चित्रीकरण चालू असेल त्या दिवशी घाटावर प्रवेश मिळेलच असे नाही. तसे झाले तर वाद न घालता धोम गाठावे आणि परतताना पुन्हा विचारावे.

धोमचे देऊळ पाहण्यासारखे आहे का? बहुतेक जण केवळ धरण पाहून परत येतात.

धरणापेक्षा देऊळ पाहावे, असे आम्ही निःसंकोच सुचवू. धोम गाव वाईहून आठ-नऊ किलोमीटरवर, धरणाच्या पायथ्याशी आहे, आणि गावाच्या नावाचा संबंध लोकपरंपरा धौम्य ऋषींशी जोडते. येथे महादेव आणि नृसिंह अशी दोन देवस्थाने एकाच आवारात आहेत. महादेवासमोर कमळाच्या आकाराचा दगडी हौद आहे, त्यात कासव कोरलेले आहे आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप उभा आहे. हौदात पाणी असते तेव्हा कासव नंदीला पाठीवर घेऊन पोहत असल्याचा भास होतो. पाणी नसते तेव्हा मात्र कमळाच्या पाकळ्यांचे कोरीवकाम नीट पाहता येते, त्यामुळे हौद कोरडा दिसला म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. नृसिंहाचे मंदिर उंच जोत्यावर आहे.

धोम धरणाची साठवणक्षमता सुमारे साडेतेरा टीएमसी (अब्ज घनफूट) असून वाई, सातारा आणि कोरेगाव तालुक्यांतील शेतीला त्याचे पाणी मिळते. धरणाच्या भिंतीवर सायकल नेण्यास परवानगी नसते, असे समजूनच जावे.

धरणाच्या पुढे रस्ता कसा आहे?

येथून मार्गाचा स्वभाव पालटतो. धोमपर्यंत सपाट असलेला रस्ता आता जलाशयाच्या कडेने डोंगराच्या सोंडांवर चढतो आणि प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरतो; चढ लांब नाहीत, पण संपत नाहीत. नकाशावर उंचीतला फरक किरकोळ दिसतो म्हणून फसू नये, परतीपर्यंत या चढउतारांची बेरीज पायांना जाणवते. जलाशयाच्या वरच्या अंगाला खोऱ्याचे दोन फाटे होतात. एक कृष्णेचे, जे बलकवडीवरून जोरला जाते, आणि दुसरे वाळकी नदीचे, ज्याला जांभळीचे खोरे म्हणतात. दोहोंच्या मध्ये कमळगडाचा डोंगर आहे. एका दिवसात एकच फाटा निवडावा. दोन्ही करण्याच्या हट्टात एकही नीट होत नाही. प्रथमच येणाऱ्याने कृष्णेचा धरावा आणि वेळ कमी असल्यास बलकवडीहून मागे फिरावे.

किल्ल्यांवर सायकल नेता येईल का?

नाही, आणि त्याचा प्रयत्नही करू नये. वाईच्या उत्तरेचा पांडवगड, दोन खोऱ्यांमधला कमळगड, पलीकडच्या रांगेतला केंजळगड आणि त्याच्या शेजारचे रायरेश्वराचे पठार ही सारी ठिकाणे या मार्गावरून दिसतात आणि ती पायी चढण्याची आहेत. गडवाटांवर चाकांनी चर पडतात, पहिल्या पावसात त्या चरांतून माती वाहून जाते आणि पुढच्या वर्षी वाटच राहत नाही. सायकल पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी अंगणात ठेवावी. विचारले तर नकार सहसा मिळत नाही.

एकच गड करायचा असल्यास कमळगड करावा. माथ्यावर ‘कावेची विहीर’ नावाची एक खोल, अरुंद भेग आहे, तिच्यात पायऱ्या उतरून जाता येते, आणि तळाशी पाण्याऐवजी लाल गेरूची माती आहे. भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो आणि भिंतीला टेकलेला शर्ट तांबडा होऊन बाहेर येतो. कड्यांवर आग्या मोहोळ असण्याची शक्यता असल्याने धूर, गोंगाट आणि अत्तर टाळावे.

पसरणी घाटाने पाचगणीला चढावे का?

चढावे, पण वेगळ्या दिवशी. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर आहे आणि पाचगणी जवळपास तेराशेवर. बारा-तेरा किलोमीटरमध्ये ही उंची गाठायची असल्याने चढ सलग आहे, मात्र अघोरी कोठेच नाही. शाहीर साबळे यांचे जन्मगाव पसरणी घाटाच्या पायथ्याला आहे. शनिवार-रविवारी या घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा हा बेत मधल्या वारी आणि तोही पहाटे आखावा. वर सिडने पॉइंटवरून धोमचा जलाशय आणि आपण आदल्या दिवशी सायकल चालवलेला सारा रस्ता एका नजरेत दिसतो. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत. वळणाआधी जोरात दाबून वेग कमी करावा आणि मग ब्रेक सोडावेत, म्हणजे डिस्क तापून ब्रेक निकामी होणार नाहीत.

सायकल आणि साहित्य कसे असावे?

पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल पुरेशी आहे. पुढे-मागे दोन्हीकडे असलेले फुल सस्पेन्शन येथे केवळ वजन वाढवते. टायर २.१ ते २.२५ इंच रुंदीचे असावेत. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बाभूळ आणि बोरीचे काटे : शेतकरी कुंपणासाठी फांद्या ओढून नेतात तेव्हा ते मातीच्या वाटांवर पडून राहतात. म्हणून ट्यूबलेस टायर आणि त्यात छिद्र आपोआप बुजवणारे ताजे द्रव सीलंट असणे उत्तम. ट्यूब वापरत असाल तर दोन जादा ट्यूब, पॅच आणि पंप हवाच. चेन तुटल्यास जोडण्याची क्विक लिंक आणि आपल्या सायकलला बसणारा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा) जवळ ठेवावा, कारण वाईत पंक्चर निघेल, साधी दुरुस्ती होईल, पण हँगर मिळेल याची खात्री नाही.

पाणी, जेवण आणि मुक्कामाचे काय?

वाईत सर्व काही मिळते. धोमनंतर हॉटेलांची शाश्वती नाही, म्हणून दोन बाटल्या पाणी आणि टिकणारे काही खाणे, जसे चिक्की, खजूर, दशम्या, वाईहूनच घ्यावे. गावातल्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवले तर पिठले-भाकरी मिळू शकते. त्याचे पैसे ते मागत नसले तरी द्यावेत. जलाशयाच्या काठी तंबू ठोकण्यापूर्वी गावात विचारावे. पाण्यात उतरू नये, कारण गाळामुळे काठ फसवा असतो.

रस्त्यावर कोणत्या गोष्टींपासून सावध राहावे?

नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागची ट्रॉली डुलते, चालकाला मागचे दिसत नाही आणि मोठ्या आवाजातल्या गाण्यांमुळे घंटीही ऐकू जात नाही. ओव्हरटेक करण्याऐवजी थांबून त्याला पुढे जाऊ द्यावे. पौष महिन्यात मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा असते आणि रंगपंचमीला बावधनचे बगाड, म्हणजे यात्रेतला लाकडी रथ, निघते. या दिवसांत वाईच्या आसपासचे रस्ते माणसांनी आणि वाहनांनी भरून जातात. बगाड पाहायला जरूर जावे, सायकल मात्र घरी ठेवून.

मेंढ्यांचा कळप दिसला तर उतरून चालत जावे, धनगरांची कुत्री पळत्या चाकामागे लागतात. खोऱ्याच्या वरच्या भागात जंगल दाट होते, तेथे गवे आणि बिबट्याचा वावर आहे. अंधार पडण्यापूर्वी धोमपर्यंत परत आलेले असावे. मोबाइलचे नेटवर्क बलकवडीच्या वर भरवशाचे नाही, म्हणून कोठे जात आहोत हे मागे कोणाला तरी सांगून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

नवशिक्यांना किंवा मुलांना हा मार्ग जमेल का?

वाई ते धोम आणि परत, सहज. बारा वर्षांवरील मुले हे अंतर मध्ये दोनदा थांबून आरामात पार करतात. धोमच्या पुढे मात्र ज्याला गिअर कधी बदलावा हे अंगवळणी पडले आहे त्यानेच जावे.

पुण्याहून किंवा मुंबईहून सायकल कशी आणावी?

पुण्याहून वाई साधारण ९० किलोमीटरवर आहे. महामार्गाने खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला वळावे. गाडीच्या मागे रॅक लावून सायकल आणणे सर्वांत सोपे. एसटीने यायचे असल्यास पुढचे चाक काढून सायकल बॅगेत भरावी आणि वाहकाशी आधी बोलून घ्यावे, सामानाचे तिकीट पडते. वाईला रेल्वे स्थानक नाही. सराईत सायकलस्वार पुण्याहून चालवत येतात, पण खंबाटकी घाटातली अवजड वाहतूक पाहता आम्ही तो सल्ला देत नाही.

एक दिवस हाताशी उरला तर?

मग प्रवाहाच्या दिशेने जावे. वाईहून पाचवड गाठून साताऱ्याकडे गेल्यावर महामार्गापासून थोडे आत लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, राजघराण्यातील वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. अष्टकोनी विहीर, तिला जोडलेला चौकोनी भाग आणि त्यावर चक्क एक लहानसा महाल अशी तिची रचना आहे. महामार्गाच्या सेवारस्त्याचा टप्पा कंटाळवाणा आहे, तेवढा सोसावा लागतो. जमल्यास गावांमधून जाणाऱ्या आतल्या रस्त्यांनी जावे आणि विहिरीवर दुपारी बारापूर्वी पोहोचावे, कारण त्यानंतर पायऱ्यांवर सावलीला बसलेल्यांची गर्दी असते.